पहिला हाताने जोडलेला व्हॉल्व्ह अँप : घुंई आणि वर भोंगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा

सहावी_तार

मंडळी, चार महिने रविवार-रविवार खपून शेवटी पहिला गिटार अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) उभा केला. सर्किट फेंडरच्या ५एफ१ चँपचं. तीन व्हॉल्व्ह : सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर हलवायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३. आणि एकच व्हॉल्यूम, टोनची भानगडच नाही. पाचएक वॉट. टरेट बोर्डवर (छोट्या धातूच्या खुंट्या ठोकलेल्या पट्टीवर) सगळं हाताने जोडलंय, स्पीकर ८ इंची.

चालू केला, धूर निघाला नाही. इथवरच आनंद. व्हॉल्व्ह तापले की वीसएक सेकंदांत असा भोंगा सुरू होतो की शेजारच्या खोलीतले पळत आले. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी भोंगा तसाच. एका जुन्या पुस्तकात वाचून निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देणारा) २२केचा रेझिस्टर एका टोकाने सोडवला, तर भोंगा गायब! पण मग खाली दबलेली घुंई वर आली. तीही व्हॉल्यूम शून्यावर ऐकू येते आणि व्हॉल्यूम वाढवला की वाढते. गिटार मात्र वाजते आणि मध्येमध्ये अशी वाजते की रडू यावं (चांगल्या अर्थाने).

मोजमाप : बी-प्लस (मुख्य डीसी पुरवठा) ३५२ व्होल्ट, ६व्ही६ची प्लेट (इलेक्ट्रॉन घेणारं टोक) ३४१, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १९.८ (रेझिस्टर ४७० ओहम).

दुसरा प्रश्न. एक मित्र म्हणतो, छापील बोर्डावर (पीसीबी) केलं असतंस तर हे रामायण झालंच नसतं आणि आवाजही तोच आला असता. खरंच तोच येतो का?

ओहमपती

अभिनंदन दादा. भोंग्याचं निदान तुम्ही स्वतःच केलंय, फक्त नाव दिलं नाहीत. ५एफ१मध्ये फीडबॅक स्पीकरपासून १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या कॅथोडला येतो, म्हणजे हा सगळा फेरा व्हॉल्यूमच्या पुढे आहे. म्हणून नॉब शून्यावर असला तरी त्याला सोयरसुतक नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं उलटी लागली की निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि अँपचा ऑसिलेटर होतो, म्हणजे तो स्वतःच ओरडत राहतो. प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या बाजूच्या) दोन तारा अदलाबदल करा, जी प्लेटला आहे ती बी-प्लसला आणि बी-प्लसची प्लेटला. २२के परत जोडा. संपलं.

सेकंडरीवर (स्पीकरकडच्या बाजूला) अदलाबदल केली तरी चालतं, पण ४-८-१६ ओहमचे टॅप असतील तर तिथे गोंधळ जास्त. प्रायमरीच बरी.

चिमटा

आणि हे करण्याआधी अँप बंद करून कंडेन्सर रिकामे झालेत हे मीटरने बघा. बंद केला म्हणजे मेला असं नाही.

मंद्रसप्तक

मी म्हणतो, जोडताच कशाला? तसाच ठेवा सोडवलेला. फेंडरच्याच ५ई३ डिलक्स अँपमध्ये कुठे फीडबॅक आहे? व्हॉक्स एसी३०मध्ये कुठे आहे? फीडबॅक काढला की आवाज मोकळा होतो, गेन वाढतो, हळूहळू फाटत जातो. "मध्येमध्ये रडू यावं" ते त्यामुळेच.

ओहमपती

मंद्रसप्तक, तुमच्या घराची बेल वाजत राहिली तर तुम्ही वायर कापून "शांतता आवडते" म्हणाल :) आधी बरोबर जोडू द्या, मग एक स्विच लावून दोन्ही ऐकू द्या. चूक झाकायला केलेला बदल आणि ऐकून केलेला बदल यांत फरक असतो.

मंद्रसप्तक

स्विचवर सहमत. बेलवर नाही.

जुनारेडिओ

धागा आवडला. आमची हयात व्हॉल्व्हच्या रेडिओत गेली, गिटारचं फारसं कळत नाही, पण वीज तीच.

चिमटा यांनी एका ओळीत सांगितलं ते मी लांबण लावून सांगतो. मूळ ५एफ१मध्ये कंडेन्सर रिकामे करायला रेझिस्टर नाही. व्हॉल्व्ह गरम असताना बंद केला तर तेच चार्ज खाऊन टाकतात. पण व्हॉल्व्ह काढून, नुसता रेक्टिफायर लावून व्होल्टेज मोजत बसलात आणि मग बंद केलंत, तर साडेतीनशे व्होल्ट तसेच बसून राहतात. नवशिके नेमकं हेच करतात. पहिल्या कंडेन्सरवर २२०के, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. त्यात अर्ध्या वॉटच्या थोडी वर उष्णता होते, म्हणून २ वॉटचा घ्यायचा. १६ अधिक ८ अधिक ८ म्हणजे ३२ मायक्रोफॅरड धरले तर टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर यायचा वेळ) सात सेकंदांचा. पाऊण मिनिट थांबलात की सगळं शांत. तरीही मीटर लावूनच हात घाला, रेझिस्टर तुटलेला असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणाऱ्या शूरवीरांचे स्क्रू-ड्रायव्हर मी पाहिले आहेत, टोकाला खड्डे पडलेले असतात.

चालू अँपमध्ये मोजताना एक हात खिशात. काळी पिन आधी चॅसिसला चिमट्याने अडकवायची आणि लाल तेवढी एका हातात. स्पीकर जोडलेला नसेल तर अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर बेततं.

आणि अर्थची तार चॅसिसला तिच्या स्वतंत्र बोल्टने. घुंई कमी होते म्हणून अर्थ काढणारे लोक आहेत. घुंई खरंच कमी होते. बाकी काय काय कमी होऊ शकतं ते सांगायला नको.

निव्वळ_वाचक

काका, साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

सहावी_तार

ओहमपती, दादा नाही, ताई :) प्रायमरी आज रात्री बदलते. काका, रेझिस्टर उद्याच लावते. नुसता रेक्टिफायर लावून मोजत बसणारी ती मीच.

ओहमपती

क्षमस्व ताई.

पिवळा_दिवा

घुंईकडे वळू या, ते जास्त मजेशीर आहे. सहावी_तार, तुमच्या हातातच यंत्र आहे. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ. मेन्स ५० हर्ट्झची असेल आणि घुंई त्या सुराशी जवळजवळ जुळत असेल तर ती १०० हर्ट्झ आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर), म्हणजे फिल्टर कंडेन्सरकडे किंवा अर्थिंगच्या वाटांकडे बघा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५०, म्हणजे हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा, मेन्सच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. मेन्स ६० हर्ट्झ असेल तिथे १२०, पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटच्या किंचित खाली.

सावधान : ८ इंची स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवतच नाही. तुम्हाला त्याचे वरचे हार्मोनिक ऐकू येतात आणि कान फसतो. म्हणून दुसरी कसोटीही करा. अँप बंद करून १२एएक्स७ उपटून काढा, परत चालू करा. घुंई गेली तर ती त्या व्हॉल्व्हमधून किंवा त्याच्या मागून येत होती. राहिली तर ६व्ही६ किंवा पॉवर सप्लाय.

खर्जातली

तिसरा फ्रेट! हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी का सांगितलं नाही? फोनवर स्पेक्ट्रमची ॲपं उतरवत बसले.

चिमटा

हीटरच्या तारा पिळल्यात का? कोपऱ्यातून नेल्यात का? तुमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला ६.३ व्होल्टच्या (हीटरच्या) वाइंडिंगचा सेंटर टॅप (मधून काढलेली तार) आहे का? फोटो टाका.

सहावी_तार

अपडेट. प्रायमरी उलटवली, २२के परत जोडला. भोंगा खल्लास! ओहमपती, तुमचे उपकार. घुंईही थोडी दबली.

१२एएक्स७ काढला : घुंई जवळजवळ गेली, स्पीकरला कान लावला तरच बारीकशी येते, ती तिसऱ्या फ्रेटशी जुळते. व्हॉल्व्ह परत लावला की मोठी घुंई, ती खालच्या सप्तकातली वाटते.

हीटरच्या तारा अगदी घट्ट पिळल्यात, वरून नेल्यात, सॉकेटवर सुबक उतरवल्यात. त्या तारांवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय. सेंटर टॅप नाही, दोनच तारा आहेत आणि दोन्ही सरळ हीटरला गेल्यात.

चिमटा

आणि जमिनीला काय गेलंय?

सहावी_तार

काहीच नाही. जायला हवं होतं का?

चिमटा

:)

पिवळा_दिवा

सापडलं. हीटरचं वाइंडिंग अधांतरी आहे. त्याला जमिनीचा संदर्भच नाही, त्यामुळे ते हाय व्होल्टेजच्या वाइंडिंगमधून कपॅसिटन्सने येणारं काय वाट्टेल ते उचलतं आणि कॅथोडला, ग्रिडला (सिग्नल जिथे आत येतो त्या टोकाला) वाटत फिरतं. तारा कितीही सुबक पिळा. मूळ चँपमध्ये हीटरचं एक टोक सरळ चॅसिसला जोडलेलं असतं, तेवढ्यानेही बरंच भागतं. त्याहून चांगलं म्हणजे खोटा सेंटर टॅप : १०० ओहमचे दोन रेझिस्टर, हीटरच्या एकेका टोकापासून एकेक, दोघांची दुसरी टोकं एकत्र जमिनीला. त्यातून ३१ मिलिअँप वाहतो, प्रत्येकात जेमतेम ०.१ वॉट. अर्ध्या वॉटचे पुरतात.

आणखी एक पायरी : ती दोन टोकं जमिनीऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडा. तिथे आयते २० व्होल्ट आहेत. हीटर कॅथोडपेक्षा वर उचलला गेला की हीटरकडून कॅथोडकडे गळणारा प्रवाह थांबतो. आधी जमिनीला जोडून बघा, गरज पडली तर हे.

जुनारेडिओ

उत्तम. फक्त एक पुस्ती. हे दोन रेझिस्टर मोठ्या वॉटेजचे लावू नका. प्लेटची ३ नंबरची पिन हीटरच्या २ नंबरला खेटून असते, सॉकेटवर तिथे कधी शॉर्ट झालाच तर हेच बिचारे जळून ट्रान्सफॉर्मर वाचवतात.

निव्वळ_वाचक

पिन क्रमांकांवरून आठवलं, मीही एकदा अँप केला होता. (निव्वळ वाचक असलो तरी.) सॉकेटचे पिन वरून बघून मोजले, जोडले खालून. म्हणजे सगळं आरशातलं. गंमत म्हणजे ६व्ही६चा हीटर २ आणि ७वर असतो आणि आरशात २चा ७ होतो. त्यामुळे व्हॉल्व्ह छान पेटला! आवाज शून्य. आठवडाभर मी स्पीकर बदलत होतो.

ओहमपती

हाहाहा. आणि ४चा ५ झाला, म्हणजे स्क्रीनचे (प्लेटच्या अलीकडच्या दुसऱ्या ग्रिडचे) तीनशे व्होल्ट सरळ कंट्रोल ग्रिडवर! व्हॉल्व्ह वाचला कसा?

निव्वळ_वाचक

कॅथोडची तार ८ऐवजी १वर गेली होती, तिथे आत काहीच जोडलेलं नसतं. प्रवाहाला परत यायला वाटच नाही. चूक इतकी परिपूर्ण होती की काहीच बिघडलं नाही.

खर्जातली

"चूक इतकी परिपूर्ण होती" हे मी वहीत लिहून ठेवलंय.

मंद्रसप्तक

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले, म्हणून मीच काडी टाकतो. हाताने जोडलेल्या अँपचा आवाज वेगळाच येतो. तारा हवेत असतात, कपॅसिटन्स कमी, वरचे सूर मोकळे. त्यात जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वापरले की ऊब येते. ज्याने ऐकलंय त्याला सांगावं लागत नाही.

पिवळा_दिवा

ज्याने डोळे मिटून ऐकलंय त्याला विचारा.

आम्ही तिघांनी हे एकदा केलं होतं. एकच ५ई३, एक टरेट बोर्डवर, एक छापील बोर्डावर. ट्रान्सफॉर्मर एकाच जातीचे, व्हॉल्व्ह तेच, काढून घालून. स्पीकर एकच. ऐकणाऱ्यांची पाठ अँपकडे. कुणालाही ओळखता आलं नाही, मलाही नाही, आणि टरेट बोर्ड मी बांधला होता. मग न सांगता स्पीकर बदलला आणि तिघेही एका सेकंदात "हा वेगळा!" म्हणून ओरडले. एका संध्याकाळचा खेळ आहे, प्रयोगशाळा नव्हे. पण त्यानंतर मी तारांवरच्या कवितांपेक्षा स्पीकर ऐकण्यात जास्त वेळ घालवतो.

कपॅसिटन्सबद्दल : बोर्डावरच्या पट्ट्यांमध्ये असतो तो काही पिकोफॅरड. १२एएक्स७च्या ग्रिड आणि प्लेटमधला दीड-पावणेदोन पिकोफॅरड मिलर परिणामाने (व्हॉल्व्हच्या गेनमुळे) साठपट होऊन शंभरच्या घरात जातो, तो दोन्हीकडे सारखाच. आणि तुमच्या गिटारची केबल एका मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड घेऊन येते. पाच मीटरची केबल वापरून बोर्डावरच्या पाच पिकोफॅरडला नावं ठेवायची म्हणजे कमाल आहे.

मंद्रसप्तक

मग कार्बन कॉम्प?

पिवळा_दिवा

त्यांच्यात काहीतरी आहे खरं. रेझिस्टन्स व्होल्टेजबरोबर किंचित बदलतो, पण त्याचा काही परिणाम व्हायचा तर जिथे मोठा सिग्नल झुलतो तिथेच, म्हणजे शेवटच्या टप्प्यांच्या प्लेटवर. पहिल्या टप्प्यात लावलेत तर मिळते फक्त खरखर. आणि वर्षानुवर्षं किंमत वर सरकत जाते.

चिमटा

आवाजाचं सोडा, दुरुस्तीचं बोला. माझ्या बाकावर दोन्ही येतात. छापील बोर्ड वाईट नाही, स्वस्तातला पातळ बोर्ड वाईट. व्हॉल्व्हचे सॉकेट बोर्डावरच झाळलेले असले की उष्णतेने आणि व्हॉल्व्ह काढ-घालीने डाग तडकतात, तांब्याच्या पट्ट्या सुटतात. तोच बोर्ड जाड असेल आणि सॉकेट चॅसिसवर असतील तर वीस वर्षं काही होत नाही. उलट हाताने जोडलेल्याचं म्हणाल तर असे काही "हँडवायर्ड" पाहिलेत की आत पक्ष्याने घरटं केलंय की काय वाटावं. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग) शोधायला लाकडी काडीने एकेक जोड टोकत बसावं लागतं.

आणि पॉइंट-टू-पॉइंट (बोर्डाविना भाग थेट एकमेकांना जोडणं) हा शब्द जरा जपून वापरा लोकहो. टरेट बोर्ड म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट नाही. फेंडरचे जुने अँपसुद्धा आयलेट बोर्डवर होते.

खर्जातली

अवांतर : माझा ५ई३ आहे, हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकप) गिटारने खालच्या तारा अगदी चिखल होतात. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे नेला की आवाज मोठा होत नाही, नुसता फाटतो, आणि एक सूर वाजवल्यावर अँप क्षणभर गुदमरतो. बिघाड आहे का स्वभाव?

ओहमपती

स्वभाव, पण औषध आहे. ५ई३मध्ये कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारे) ०.१ मायक्रोफॅरडचे असतात. ६व्ही६ची ग्रिड सिग्नलच्या टोकाला पॉझिटिव्ह झाली की प्रवाह खाते, कंडेन्सर भरतो आणि व्हॉल्व्ह बंदच पडतो, तो रिकामा होईपर्यंत. हेच ते गुदमरणं. ०.१ आणि २२०के म्हणजे २२ मिलिसेकंद. ०.०२२ लावलात तर पाचच्या आत. चिखलही कमी होतो. शिवाय पहिल्या सॉकेटमध्ये १२एएक्स७ असेल तर मूळचा १२एवाय७ लावा, त्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४च्या आसपास, १२एएक्स७चा १००.

आणि न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवून बघितलात का? दोन्ही एकमेकांवर बोजा टाकतात. निम्मा टोन तिथेच दडलाय.

खर्जातली

तो नॉब मी सहा वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. आत्ता फिरवला. बोलू नका माझ्याशी.

जुनारेडिओ

सहावी_तार, तुमच्या ६व्ही६चा हिशेब कुणी केला नाही. १९.८ भागिले ४७० म्हणजे ४२ मिलिअँप. प्लेट ते कॅथोड ३२१ व्होल्ट. गुणाकार साडेतेरा वॉट. स्क्रीनचे दोन-तीन मिलिअँप वजा केले तर साडेबाराच्या आसपास. जुन्या माहितीपत्रकात ६व्ही६जीटीला १२ वॉट दिलेत, नंतरच्या पद्धतीने मोजलेल्यात १४. म्हणजे जरा गरम, पण चालेल. अंधारात बघा, प्लेट लाल होत नसेल तर निश्चिंत. लाल झाली तर ४७०च्या जागी ५६० ओहम, ३ वॉटचा लावा.

सहावी_तार

काका, तसदीबद्दल आभार. काल दिवे घालवून बघितलं. लाल नाही, काचेच्या कडेला निळसर झाक आहे. ती धोक्याची आहे का?

जुनारेडिओ

काचेवरची निळी झाक निरुपद्रवी. इलेक्ट्रॉन काचेवर आपटतात त्याची. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर मात्र आत हवा गेली, व्हॉल्व्ह संपला.

सहावी_तार

(चार दिवसांनी) अंतिम अहवाल.

१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावले. मोठी घुंई साफ गेली. मी दहा मिनिटं अँप चालू आहे की बंद तेच बघत बसले. कॅथोडला जोडायची गरज पडली नाही.

उरली ती १०० हर्ट्झची बारीक घुंई. थोडीफार राहणारच असं वाचलं, कारण एकच ६व्ही६ असल्यावर पुश-पुलसारखी दोन व्हॉल्व्हमध्ये रिपलची वजाबाकी होत नाही. तरी पहिला कंडेन्सर १६चा २२ केला. डेटाशीट बघूनच, ५वाय३ला जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हसारखे ६० मायक्रोफॅरड झेपत नाहीत. फरक पडला, पुरेसा आहे.

आता मित्राचा प्रश्न. पिवळा_दिवा म्हणतात ते पटलं, आवाजाचा दावा मी करणार नाही. पण ह्या आठवड्यात मी प्रायमरी उलटवली, तीन रेझिस्टर घातले, एक कंडेन्सर बदलला, फीडबॅकला स्विच लावला आणि एकही पट्टी उखडली नाही. मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, "घरटं छान आहे."

मंद्रसप्तक, स्विच बंद करूनच वाजवतेय. तुमचं खरं निघालं.

मंद्रसप्तक

मी काही बोललो का?

ओहमपती

बोलला असतात तर बेल वाजली असती.

पिवळा_दिवा

पुढच्या वेळेसाठी : चॅसिसला भोकं पाडायच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला मेन्स द्या (बाकी सगळी टोकं झाकून, एकेक वेगळी), आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवत न्या. घुंई सगळ्यात कमी ऐकू येईल तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा दोघांचे गाभे काटकोनात असताना ती जागा सापडते.

सहावी_तार

भोकं पाडून चार महिने झाले :( बरं, ५ई३चं चॅसिस कोरं आहे अजून.

चिमटा

ते कधी आणलंत?

सहावी_तार

भोंगा वाजत होता तेव्हा.